आमदारांनी सभागृहात काय मत दिले? जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांसाठी माहिती

अधिवेशन संपले की आमदार मतदारसंघात परततात. भूमिपूजने होतात, सत्कार होतात आणि वर्षाअखेरीस गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल घरोघरी येतो. त्यात रस्ते असतात, सभामंडप असतात, पेव्हर ब्लॉक असतात, आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराची संरक्षक भिंतही असते. नसते ते एवढेच, की सभागृहात कोणत्या विधेयकावर आमदारांनी काय मत दिले आणि का दिले.

आमदाराला स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा आहे आणि तो मंजूर करण्यात आमदाराच्या मताचा वाटा असतो. आपण ५ कोटींचा हिशेब चौकात उभे राहून मागतो. ७ लाख कोटींचा मागत नाही. कायदे तर बाजूलाच राहिले.

जळगाव जिल्ह्यात विधानसभेचे ११ आणि धुळे जिल्ह्यात ५ मतदारसंघ आहेत. यापैकी भुसावळ अनुसूचित जातींसाठी, तर चोपडा, साक्री आणि शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत या सोळाही जागा महायुतीने जिंकल्या. म्हणजे खानदेशच्या या दोन जिल्ह्यांतून आज विधानसभेत विरोधी बाकावर बसणारा एकही आमदार नाही. यातले गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, संजय सावकारे आणि जयकुमार रावल हे चौघे मंत्री झाले. विरोधी पक्षाचा आमदार नसला की मतदारांना सभागृहातल्या घडामोडी सांगणारा दुसरा आवाज उरत नाही. ते काम अशा वेळी कार्यकर्त्यांनाच करावे लागते, आणि त्यासाठी मतदानाची पद्धत नीट माहीत असावी लागते.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना संसदीय पद्धत का निवडली हे समजावून सांगितले होते. त्यांचा मुद्दा असा होता की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त असते आणि संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त असते, कारण इथे सरकारचा हिशेब दोन वेळा होतो. रोजचा हिशेब सभागृहातील सदस्य प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव आणि चर्चेतून घेतात. मुदतीचा हिशेब निवडणुकीच्या वेळी मतदार घेतात. मसुदा समितीने यातल्या रोजच्या हिशेबाला अधिक महत्त्व दिले. आता प्रश्न असा, की रोजचा हिशेब घेणाऱ्या आमदारानेच आपले काम केले की नाही, हे मतदाराला पाच वर्षांनी कशावरून कळणार? भाषणावरून थोडे कळते. खरे कळते ते मतावरून. आणि तिथेच अडचण आहे, कारण बहुतेक मतांची नोंदच होत नाही.

मत घेतात कसे

संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार सभागृहातील प्रश्न उपस्थित राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने ठरतात. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. मते समसमान पडली तरच त्यांचे निर्णायक मत असते. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांच्या एक दशांश उपस्थिती लागते. २८८ च्या विधानसभेत ही संख्या २९ होते. म्हणजे रात्री उशिरा तीसेक आमदार बाकांवर असले तरी कायदा होऊ शकतो, आणि तो आपल्या सर्वांना लागू होतो.

नेहमीची रीत आवाजी मतदानाची. अध्यक्ष प्रश्न मताला टाकतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आवाजाच्या अंदाजाने निकाल जाहीर होतो. या पद्धतीत कोण काय म्हणाले याची नोंद होत नाही. कार्यवृत्तात फक्त ‘विधेयक मंजूर झाले’ एवढेच येते. जळगाव शहराचे आमदार ‘होय’ म्हणाले, गप्प बसले की बाहेर चहाला गेले, हे कागदावर कुठेच राहत नाही.

एखाद्या सदस्याने आवाजी निकालाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली तर चित्र बदलते. सभागृहात याला ‘पोल मागणे’ म्हणतात. मग प्रत्येकाची बाजू मोजली जाते, कधी सदस्यांना एकेक करून उभे राहून मत सांगावे लागते आणि शिरगणती होते. हे मत नोंदले जाते. म्हणून कोणत्याही वादग्रस्त विधेयकाच्या बातमीत सर्वात आधी हे शोधा, की पोल झाला की आवाजी मतदान. बातम्यांमध्ये बहुधा हा तपशील एका ओळीत शेवटी येतो.

आपल्या वाचकांना एक गोष्ट इथे आठवेल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते. त्यात प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान असे सगळे होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात मतभेद मिटवण्यासाठी शलाका, म्हणजे काड्या वाटून मत घेण्याची रीत दिली आहे. तिचे तीन प्रकार आहेत: गुप्तपणे, कानात सांगून आणि उघडपणे. काड्या वाटणाऱ्या भिक्खूची नेमणूक संघ करतो, आणि तो पक्षपाती नसावा अशी अट आहे. कोणत्या प्रसंगी मत झाकायचे आणि कोणत्या प्रसंगी दाखवायचे, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही महत्त्वाचा मानला गेला होता.

आपल्याकडे विधान परिषदेवर आमदारांनी निवडून द्यायच्या सदस्यांचे मतदान गुप्त असते. १२ जुलै २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसची काही मते फुटली, पण ती कोणाची हे मतपत्रिकेवरून सिद्ध करता येत नाही. राज्यसभेचे मतदान मात्र उघड असते, आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. मतदाराला नव्हे, पक्षाच्या प्रतिनिधीला. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

२०२२ : खानदेशच्या मतांची नोंद झाली तेव्हा

मत नोंदले गेले की खुलासा द्यावाच लागतो, याचे आपल्या भागातले उदाहरण जून-जुलै २०२२ मधले आहे. एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेल्या आमदारांत जळगाव जिल्ह्यातून गुलाबराव पाटील (जळगाव ग्रामीण), किशोर पाटील (पाचोरा), चिमणराव पाटील (एरंडोल) आणि लता सोनवणे (चोपडा) होते. मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील आणि साक्रीच्या मंजुळा गावित हे अपक्षही त्या बाजूला गेले.

३ जुलै २०२२ ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. राहुल नार्वेकर यांना १६४ आणि राजन साळवी यांना १०७ मते पडली. सदस्यांनी उभे राहून मत दिल्यामुळे तटस्थ कोण राहिले हेही स्पष्ट झाले. समाजवादी पक्षाचे अबू आझमी व रईस शेख आणि धुळे शहराचे तेव्हाचे एमआयएम आमदार फारूक शाह हे तिघे तटस्थ होते. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ असा मंजूर झाला. एका रात्रीत विरोधी बाजूची संख्या १०७ वरून ९९ वर आली. अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार यांच्यासारखे ज्येष्ठ नेते वेळेत पोहोचले नाहीत आणि दरवाजे बंद झाले, याची चर्चा राज्यभर झाली. ही चर्चा होऊ शकली, कारण आकडे आणि नावे समोर होती.

त्याच दिवशी सभागृहात गुलाबराव पाटील यांनी आपली बाजू मांडली. आपण बंड केले नसून उठाव केला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पटो वा न पटो, पण ते स्पष्टीकरण होते आणि ते कार्यवृत्तात आहे. पुढची दोन वर्षे जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक सभेत हाच विषय राहिला. २०२४ मध्ये मतदारांनी निर्णय दिला. गुलाबराव पाटील, किशोर पाटील, मंजुळा गावित, चंद्रकांत पाटील पुन्हा निवडून आले. चोपड्यात लता सोनवणे यांचे पती चंद्रकांत सोनवणे आणि एरंडोलमध्ये चिमणराव पाटील यांचे पुत्र अमोल पाटील विजयी झाले. धुळे शहरात फारूक शाह पराभूत झाले. निकाल आपल्याला आवडला की नाही हा वेगळा मुद्दा. मतदारांनी माहिती असताना निर्णय दिला, एवढे तरी म्हणता येते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी निकाल दिला. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असे त्यात स्पष्ट झाले. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी दोन्ही गटांच्या याचिकांवर निर्णय दिला आणि कोणालाही अपात्र ठरवले नाही.

जनसुरक्षा विधेयक : नोंद नसलेले मत

आता याच्या उलट उदाहरण घ्या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक (२०२४ चे विधेयक क्रमांक ३३) जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा आले. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवले गेले. चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते आणि विरोधी पक्षांचे नेतेही तिच्यात होते. जनतेकडून १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. त्यात आपल्या चळवळीतल्या संघटनांच्याही होत्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने विधेयक मंजूर केले. विधानसभेत मतदान आवाजी झाले.

आपल्या तरुणांना या विधेयकाची चिंता का वाटते हे वेगळे सांगायला नको. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणानंतर विचारवंत आणि कार्यकर्ते यांच्यावर कोणता शिक्का बसू शकतो हे आपण पाहिले आहे. संघटनेला बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा निळ्या झेंड्याखाली काम करणाऱ्या मंडळांवर वापरला जाणार नाही, याची खात्री कोण देणार? सरकारचे म्हणणे असे की छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशात असे कायदे आधीपासून आहेत, समितीनंतर विधेयकाचा उद्देश कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता मर्यादित केला आहे आणि सल्लागार मंडळाची रचना बदलली आहे. या बदलांची नोंद घ्यावी. ‘तत्सम’ या शब्दाचीही घ्यावी.

पण या लेखाचा विषय मत आहे. विधानसभेत उघड विरोध नोंदवणारे माकपचे डहाणूचे आमदार विनोद निकोले हे एकटेच असल्याचे वृत्त त्या वेळी सर्वत्र आले. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. सभागृहाबाहेर मात्र अनेक पक्षांच्या नेत्यांनी विधेयकाविरुद्ध जोरदार भाषणे केली. आता भुसावळचा, धुळ्याचा, साक्रीचा मतदार आपल्या आमदाराला विचारेल, ‘तुम्ही काय मत दिले?’ तर आमदाराला हवे ते सांगता येईल. पुरोगामी सभेत गेला तर ‘माझ्या मनात शंका होत्या’ म्हणेल, दुसऱ्या सभेत ‘आम्ही नक्षलवाद संपवला’ म्हणेल. दोन्ही खोडून काढायला कागद नाही. पोल मागितला गेला असता तर २८८ पैकी प्रत्येकाची बाजू समजली असती. सत्ताधाऱ्यांकडे मोठे बहुमत असल्याने निकाल बदलला नसता, हे खरे. पण पोल मागायचा तो निकाल बदलण्यासाठीच असे नाही. तो नोंदीसाठी मागायचा असतो. विरोधी पक्षांनाही हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, आणि माझ्या मते तो सत्ताधाऱ्यांच्या आधी विचारला पाहिजे.

अर्थसंकल्पातले ‘होय’

कायद्यापेक्षाही आपल्या पोटाशी जवळचे मत मार्च महिन्यात दिले जाते. प्रत्येक विभागाच्या खर्चाला ‘अनुदानाच्या मागण्या’ म्हणून मंजुरी लागते आणि नंतर विनियोजन विधेयक मंजूर होते. काही विभागांवर चर्चा होते, उरलेल्या मागण्या वेळ संपल्यामुळे एकत्र मताला टाकल्या जातात. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. हे सगळे जवळजवळ नेहमी आवाजी मतदानाने होते.

मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळवल्याचे समोर आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी मांडली गेली की अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणींनाच हा पैसा मिळतो. वाद वर्तमानपत्रांत रंगला, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे काय हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला. पण विभागाच्या तरतुदींना सभागृहाने मार्चमध्ये ‘होय’ म्हटले होते. राखीव मतदारसंघातून आलेल्या आमदारांनीही. भुसावळ, चोपडा, साक्री आणि शिरपूरच्या मतदारांनी विचारायचे ते एवढेच, की मागणी मताला टाकली तेव्हा तुम्ही सभागृहात होतात का, बोललात का, आणि अनुसूचित जाती-जमातींचा निधी त्याच कामासाठी बांधून ठेवणारा कायदा आणण्यासाठी अशासकीय विधेयक तुम्ही का दिले नाही. अविभक्त आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्ये असे कायदे केले. कर्नाटकात कायदा असूनही हा निधी हमी योजनांकडे वळवल्याची तक्रार होते, म्हणजे कायदा हे रामबाण औषध नाही. पण कायदा असला की निदान तो मोडला असे म्हणता येते.

‘व्हिप होता’ आणि इतर उत्तरे

आमदारांना विचारले की ठराविक उत्तरे येतात. त्यातले सर्वात वजनदार म्हणजे पक्षादेशाचे, व्हिपचे. १९८५ मध्ये संविधानात दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे.

एक तर प्रत्येक विधेयकाला व्हिप नसतो, म्हणून त्या दिवशी व्हिप काढला होता का हे विचारावे. दुसरे, १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अपात्रतेचा धाक सरकार टिकण्या-पडण्याचा प्रश्न किंवा पक्षाच्या प्रमुख धोरण-कार्यक्रमाचा प्रश्न असेल तिथेच लागू व्हावा. तिसरे, व्हिप मतावर असतो, तोंडावर नसतो. चर्चेत शंका मांडणे, दुरुस्ती सुचवणे, समितीत असल्यास अहवालाला भिन्न मतपत्रिका जोडणे, पक्षाच्या बैठकीत विरोध करणे, यातले काहीच आमदाराने केले नसेल तर ‘व्हिप होता’ हे उत्तर नसून पळवाट आहे. आणि अपक्षाला तर व्हिपच नसतो. २०२२ मध्ये मुक्ताईनगर आणि साक्रीच्या अपक्ष आमदारांचे मत कायद्याने पूर्णपणे त्यांचे स्वतःचे होते.

मंत्र्यांचे वेगळे आहे. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते, त्यामुळे मंत्र्याला सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत देता येत नाही, तसे करायचे तर राजीनामा द्यावा लागतो. म्हणून मंत्री असलेल्या आमदाराला ‘काय मत दिले’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘मंत्रिमंडळात विषय आला तेव्हा काय भूमिका घेतली’ असे विचारावे. बैठकीतील चर्चा गोपनीय असते असे उत्तर येईल. मग जाहीर भूमिका सांगा, म्हणावे.

‘त्या दिवशी मी मतदारसंघात होतो, लग्न होते, पूर होता’ हेही नेहमीचे. पुरात लोकांसोबत असणे चूक नाही. लग्नासाठी कायदा सोडणे चूक आहे.

सभागृहात दिलेल्या मतासाठी आमदारावर न्यायालयात खटला भरता येत नाही, अनुच्छेद १९४ चे तसे संरक्षण आहे. मतासाठी लाच घेतली तर मात्र हे संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ मार्च २०२४ च्या सीता सोरेन प्रकरणात ठरवले. म्हणजे प्रामाणिकपणे दिलेल्या चुकीच्या मताचा जाब न्यायालयात विचारता येत नाही. त्यासाठी मतदारसंघ आहे.

स्वतंत्र मजूर पक्षाचा पाठ

याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे जे आमदार मुंबई विधानसभेत गेले त्यात पूर्व खानदेशातून दौलत गुलाजी जाधव होते. तेव्हा जळगावचा भाग पूर्व खानदेश आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. संख्या थोडी, समोर काँग्रेसचे मोठे बहुमत. तरीही १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर होण्यासारखी स्थिती नव्हती. मग जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांसह शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला.

१९३८ च्या सप्टेंबरात औद्योगिक कलहाचे विधेयक आले, संपाच्या हक्कावर बंधने घालणारे. पक्षाने सभागृहात विरोध केला, बहुमताने विधेयक मंजूर झाले. मात्र विषय तिथे सोडला गेला नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, आणि त्याआधी सभा घेऊन या विधेयकात काय आहे, आपण विरोध का केला, हे कामगारांना त्यांच्या भाषेत सांगितले गेले. ‘जनता’ पत्रात सभागृहातील भूमिका छापून येत. आजच्या आमदारांच्या कार्यअहवालाशी याची तुलना करून पाहा.

धुळ्याशी बाबासाहेबांचा संबंध आपण दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमून जागवतो. १९३७ मध्ये ते वकील म्हणून एका खटल्यासाठी धुळ्याला आले, तेव्हाची ही आठवण. ते तेव्हा आमदारही होते, हे आपण सहसा विसरतो. पावसाळी अधिवेशन बहुधा त्याच सुमारास संपलेले असते. त्या मेळाव्यात अधिवेशनातील कामकाजाचा एक तास ठेवायला हरकत नसावी.

माहिती कुठे मिळते

विधेयकाची प्रत आणि सभागृहाचे कार्यवृत्त विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते, अधिवेशनाचे थेट प्रक्षेपणही होते. कार्यवृत्त वाचताना आमदाराचे नाव शोधावे: तो बोलला का, दुरुस्ती दिली का, लक्षवेधी मांडली का, तारांकित प्रश्न विचारला का. आवाजी मतदानात मत सापडणार नाही, पण बोललेले सापडेल, आणि न बोललेलेही सापडेल. संयुक्त समितीचा अहवाल असेल तर शेवटची पाने आधी पाहावीत, भिन्न मतपत्रिका तिथे असतात.

जे संकेतस्थळावर नाही त्यासाठी विधिमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ‘आमदारांनी का विरोध केला नाही’ असा प्रश्न माहिती अधिकारात चालत नाही, कारण ते मत आहे, माहिती नाही. ‘अमुक तारखेला अमुक विधेयकावर मतविभागणी झाली का, झाली असल्यास मतयादीची प्रत द्यावी’ असे लिहावे. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते.

‘का’ विचारण्याची जागा म्हणजे आमदाराचे संपर्क कार्यालय. लेखी विचारावे, पोच घ्यावी. मोघम नाराजी नको. विधेयकाचे नाव, तारीख, आणि एकच प्रश्न: या विधेयकावर तुमची बाजू होय होती, नाही होती, की तुम्ही उपस्थित नव्हता? पत्रावर एका संघटनेपेक्षा विहार समिती, महिला मंडळ आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्या असाव्यात. पदवीधर झालेल्या तरुणांनी विधान परिषदेचा नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघही विसरू नये. जळगाव आणि धुळे त्यात येतात, नाव नोंदवावे लागते, आणि त्या सदस्यालाही हेच पत्र पाठवता येते.

एक विषय आतापासून वहीत लिहून ठेवावा असा आहे. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला राज्यांना मुभा देणारा निकाल १ ऑगस्ट २०२४ रोजी आला. राज्य सरकारने त्यानंतर न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. या विषयावर आपल्या समाजात आणि इतर अनुसूचित जातींत वेगवेगळी मते आहेत, ती राहणार. पण उद्या यावर विधेयक सभागृहात आले तर ते दहा मिनिटांत आवाजी मतदानाने होऊ नये, त्यावर पोल मागितला जावा, एवढी मागणी दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र करता येईल. ती विधेयक येण्याच्या आधी करावी लागेल. आल्यानंतर वेळ मिळत नाही, हे जुलै २०२५ मध्ये पाहिले आहे.